परत म्हटलेलं वाक्य

कल्पना करा, तुम्ही एका जुन्या लिफ्टच्या टपावर उभे आहात. आत नाही, टपावर. लोक जिच्या आत उभे राहून आरशात केस नीट करतात, त्या पेटीच्या डोक्यावर. चारी बाजूंना काळ्या भिंती, नाकात ग्रीसचा वास, हातात बॅटरी आणि डोळ्यांसमोर ताणलेले पोलादी दोर, कडेला पेटीला सरळ धरणारे लोखंडी रूळ. तुम्हाला पेटी वीतभर खाली घ्यायची आहे. पण ती हलवणं तुमच्या हातात नाही. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत तुमचा जोडीदार बसलाय आणि मोटरचा ब्रेक त्याच्या मुठीत आहे. तो तुम्हाला दिसत नाही, तुम्ही त्याला दिसत नाही. तुम्ही ओरडता, ‘‘खाली!’’ आता काय होईल?

काही होणार नाही. व्हायलाही नको. आधी वरून आवाज यायला हवा, ‘‘खाली!’’ तुमचाच शब्द, जसाच्या तसा. तो आला की तुम्ही हात आत घेता, पाय सावरता, आणि मगच पेटी हलते. जोडीदाराला शंका आली तर तो शब्द परत म्हणतच नाही. ‘‘थांब’’ म्हणतो आणि कारण विचारतो. म्हणजे वरून परत आलेला शब्द हा नुसता आवाज नसतो. ऐकलं, पटलं, आता करतोय, एवढं सगळं त्यात येतं.

ही गोष्ट ज्याची आहे त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. त्याला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या उस्तादाच्या डाव्या हाताला दोनच बोटं होती. बाकीची एका जोडीदाराच्या घाईत गेली होती. त्याने शब्द परत न म्हणताच ब्रेक सोडला होता. उस्ताद नव्या पोरांना भाषण देत नसे, डावा हात पुढे करून म्हणे, ‘‘मोजा.’’ तेव्हापासून मिस्त्रीच्या अंगात ही रीत इतकी मुरली, की दुकानात साखर मागितली आणि दुकानदार ‘‘साखर’’ म्हणाला, की तो निश्चिंत होऊन दुसरीकडे बघायला लागे.

लग्नही त्याचं लिफ्टमुळेच जमलं. एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर बायकांचं केस कापायचं सलून होतं. तिथे काम करणारी एक मुलगी दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. मिस्त्रीने किल्लीने दार उघडलं, तर ती आत खाली बसून शांतपणे टरबूज नखानं कोरावं तसा दाराचा रंग खरवडत होती. ‘‘लवकर आलात,’’ ती म्हणाली, ‘‘अजून अर्धं दार राहिलंय.’’ मिस्त्री पुढे कित्येक वर्षं मित्रांना सांगायचा, ‘‘तिला सोडवलं आणि आपण अडकलो.’’ मित्र हसायचे. बायकोही हसायची. मग हळूहळू मित्रच हसत राहिले.

तिच्या कामातही बोलणं होतं, पण ते वेगळ्या तऱ्हेचं. सलूनमध्ये खुर्चीत बसलेली बाई डोक्याला हात लागताच बोलायला लागते. सासू, नवरा, गुडघे, पोराचे मार्क. केस कापणारीने त्यात पडायचं नसतं आणि गप्पही बसायचं नसतं. मग ती तेच वाक्य परत म्हणते. ‘‘वहिनींनी कपाटाला कुलूप लावलं?’’ ‘‘हो ना! कुलूप लावलं!’’ ‘‘बाई बाई, कुलूप लावलं.’’ बोलणारीला बरं वाटतं आणि कात्री चालू राहते. दिवसभरात ती अशी किती वाक्यं परत म्हणे, त्यातलं एकही तिच्या पोटात उतरत नसे. उतरलं असतं तर ती संध्याकाळपर्यंत वेडी झाली असती.

भांडण मात्र त्यांचं कशावरून असं सांगता येत नाही. मिस्त्री दारू पीत नव्हता, हात उचलत नव्हता, पगार घरी आणत होता. तो फक्त तिथे नसायचा. जेवताना नसायचा, अंथरुणात नसायचा. फोन वाजला की कुणी तरी कुठे तरी अडकलेलं असायचं आणि तो पायात चपला सरकवायचा. तिची आई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा दोघं लिफ्टने वर चालली होती. ती भिंतीला डोकं टेकून रडत होती. मिस्त्रीने मान वर केली, कान दिला आणि म्हणाला, ‘‘रूळ घासतोय.’’

तिने त्या दिवशी काही म्हटलं नाही. पण पुढे प्रत्येक भांडणात ते वाक्य कुठून ना कुठून यायचंच. ‘‘तुला काय सांगायचं? तुझा रूळ घासत असेल!’’

शेवटी एका सकाळी, ओले कपडे वाळत घालता घालता, ती म्हणाली, ‘‘मला वेगळं व्हायचंय.’’ आवाज चढलेला नव्हता. मिस्त्रीला चढलेल्या आवाजाची सवय होती. त्याला कळलं की हे खरं आहे.

‘‘कुणी आहे का?’’ त्याने विचारलं.

‘‘कुणीच नाही,’’ ती म्हणाली. ‘‘तेच तर सांगतेय इतकी वर्षं.’’

त्यांना एक मुलगी होती, दहा-अकरा वर्षांची. कपाटांवर, खिडकीच्या गजांवर, बापाच्या खांद्यावर सतत चढणारी, आणि चढल्यावर तिथे बसून काही तरी कुरतडणारी. म्हणून तिला घरात खारू म्हणत. लांब जाड वेणी होती तिची. आई रोज सकाळी ती वेणी घालायची आणि तेवढा वेळ दोघी कुजबुजायच्या. मिस्त्री चहा पीत त्या पाठमोऱ्या दोघींकडे बघायचा. घरातलं त्याला आवडणारं एवढंच उरलं होतं आणि ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

बातमी कळताच त्याची थोरली बहीण धावत आली. खुर्चीत बसायच्या आधीच तिने निकाल दिला. ‘‘कोर्टात खेच तिला. पोरगी आपली आहे. चांगला वकील कर, असा की तिची बोबडी वळली पाहिजे.’’

‘‘ताई, चहा घे.’’

‘‘चहा गेला खड्ड्यात! तू ना, पहिल्यापासून मेणाचा. बायको घर मोडून निघाली आणि हा चहा घे म्हणतोय!’’

पण मिस्त्रीला कोर्ट माहीत होतं. पुस्तकातलं नाही, आतलं. नवरा-बायकोच्या भांडणांचे निवाडे जिथे होतात त्या इमारतीच्या लिफ्टची देखभाल त्याच्याकडे होती. तिथल्या लिफ्टमध्ये माणसं कशी चढतात ते त्याने पाहिलं होतं. एक चढला की दुसरी मागे राहते. ‘‘तुम्ही जा, मी पुढच्या लिफ्टनं येते.’’ लिफ्ट अर्धी रिकामी वर जाते.

एकदा तिथली पेटी दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. मिस्त्रीने दार उघडलं तर आत एक पुरुष, एक बाई आणि चार-पाच वर्षांचा एक मुलगा. पेटी छातीइतकी खाली होती, मुलाला आधी वर घ्यायला हवं होतं. मिस्त्रीने वाकून हात पुढे केले. पुरुष म्हणाला, ‘‘बाहेर काढलात की माझ्या माणसाकडे द्या, आज माझा दिवस आहे.’’ बाई म्हणाली, ‘‘कुणाकडे द्यायचं नाही. दिवस अजून सुरू झालेला नाही.’’ दोघं मिस्त्रीकडे अशी बघत होती, जणू तोच न्यायाधीश. मुलगा मात्र कोपऱ्यातून उठला, मिस्त्रीच्या बुटांपाशी आला आणि हळूच म्हणाला, ‘‘काका, दार लावून घ्या ना.’’

दार लावून घ्या. म्हणजे आईबाप आतच राहतील, दोघंही.

‘‘कोर्टात मी जाणार नाही,’’ मिस्त्री बहिणीला म्हणाला. तिने कपाळावर हात मारला.

बायकोलाही कोर्ट नकोच होतं. तिच्याकडे केस कापायला येणाऱ्या एक वकीलबाई होत्या. एरवी खुर्चीत झोपणाऱ्या या बाईंनी त्या दिवशी डोळे उघडले आणि दुसरा एक मार्ग सांगितला. दोघांनी आपापला वकील करायचा, पण लढायला नाही. चौघांनी एका टेबलाभोवती बसायचं, सोबत एक समुपदेशक बाई. काही लपवायचं नाही. पोरीचं, घराचं, सगळं बोलून ठरवायचं. ठरलं की शेवटी कागद कोर्टाकडे जातो, तो फक्त शिक्क्यासाठी. अट एकच, पण जबर. दोघांपैकी एकानेही कोर्टात भांडायला जायचं ठरवलं, तर दोन्ही वकील तिथल्या तिथे उठून जाणार. नवे वकील, नवी सुरुवात, आणि या खोलीत बोललेलं बाहेर वापरायचं नाही.

‘‘म्हणजे भांडण लागलं तर वकिलांचंच काम जातं?’’ मिस्त्रीने त्याच्या पांढऱ्या केसांच्या वकिलांना विचारलं.

‘‘जातं,’’ ते म्हणाले. ‘‘म्हणून तर आम्ही इतके गोड वागतो.’’

मिस्त्रीला ते पटलं. टपावरचा आणि वरच्या खोलीतला, दोघांचाही जीव एकाच दोराला बांधलेला असावा तसं ते होतं.

पहिली बैठक एका जुन्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर झाली. गोल टेबल, पाण्याचा जग, खिडकीत एक मरतुकडी कुंडी. कुणी कुणाच्या समोर येऊ नये म्हणून टेबल गोल, असं समुपदेशक बाईंनी सांगितलं. मग त्यांनी बैठकीचा मुख्य नियम सांगितला. एकाने बोलायचं. दुसऱ्याने उत्तर देण्याआधी ते वाक्य जसंच्या तसं परत म्हणायचं. मगच स्वतःचं बोलायचं.

मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. बोलणं हा त्याचा प्रांत नव्हता, पण हे त्याला येत होतं. हे तर तो रोज करत होता.

समुपदेशक बाई पुढेही बोलल्या. परत म्हणणं म्हणजे कबूल करणं नव्हे, ऐकल्याची ती फक्त खूण आहे, हेही त्यांनी नीट समजावून सांगितलं. पण त्याच वेळी भिंतीपलीकडून त्या इमारतीची लिफ्ट वर आली. तिसऱ्या मजल्यावरून सुटताना ती कण्हल्यासारखी करत होती. मिस्त्रीचा कान तिकडे गेला. रूळ घासत होता. परत येताना घासतोय का, याची तो वाट बघत राहिला. लिफ्ट खाली जाऊन परत येईपर्यंत बाईंचं सांगून झालं होतं.

सुरुवातीच्या बैठका सोप्या गेल्या. घर मिस्त्रीकडे राहील, हे ठरलं. कपाट, शिवणयंत्र, भांडी तिच्याकडे, हेही ठरलं. तो म्हणे, ती परत म्हणे. ती म्हणे, तो परत म्हणे. सगळ्यांच्या माना हलत. मिस्त्रीला वाटायचं, वीस वर्षांत आम्ही असे का बोललो नाही? मग सोडचिठ्ठी तरी लागली असती का? असले विचार तो जिना उतरताना करायचा. वर आल्यावर नाही.

मग खारूचा विषय आला.

त्या दिवशी मिस्त्री वाक्य पाठ करून आला होता. टेबलावर दोन्ही तळवे ठेवून तो म्हणाला, ‘‘खारूनं माझ्याकडे राहावं. शाळा जवळ आहे, तिची खोली आहे. सुट्टीला तुझ्याकडे.’’

 बायकोने जगमधलं पाणी ग्लासात ओतलं, प्यायली नाही. मग खालच्या आवाजात, टेबलाकडे बघत, ती म्हणाली, ‘‘खारूनं तुझ्याकडे राहावं. शाळा जवळ आहे, तिची खोली आहे.’’ थोडी थांबली. ‘‘सुट्टीला माझ्याकडे.’’

आणि तिला पुढे बोलता येईना. समुपदेशक बाईंनी तिच्या दंडावर हात ठेवला. ‘‘आज इथेच थांबू,’’ त्या म्हणाल्या. ‘‘यावर तुमचं म्हणणं पुढच्या बैठकीत ऐकू.’’

मिस्त्रीने ते शेवटचं वाक्य ऐकलं, पण त्याच्या लेखी ते आता शिष्टाचाराचं होतं. शब्द परत आला होता, पूर्ण, जसाच्या तसा. तिला जड गेलं होतं, तरी ती ‘थांब’ म्हणाली नव्हती. त्याला तिच्याबद्दल इतका आदर कधी वाटला नव्हता. 

मुलीला काय सांगायचं ते दोघांनी मिळून, एकाच वेळी सांगायचं, असं आधीच ठरलेलं होतं. मिस्त्रीच्या मनातही तेच होतं. पण दुसऱ्या दिवशी आई सलूनमध्ये असताना खारू कपाटावर बसून खाली बघत म्हणाली, ‘‘बाबा, मी कुठे राहणार?’’

‘‘आम्ही सांगू दोघं.’’

‘‘म्हणजे ठरलंय?’’

त्याला खोटं बोलायचं नव्हतं. ‘‘ठरलंय. इथेच राहायचं, तुझ्या खोलीत.’’

‘‘आणि आई?’’

‘‘सुट्टीला तिच्याकडे जायचं.’’

‘‘आई हो म्हणाली?’’

‘‘म्हणाली. सगळ्यांसमोर.’’

खारूने पाय हलवायचे थांबवले. ‘‘रडली का?’’

‘‘नाही,’’ मिस्त्री म्हणाला. ती खरंच रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई फणी घेऊन आली तर खारू पाठ करून बसलीच नाही. तोंड करून बसली. वेणी नव्हती. स्वयंपाकघरातल्या कात्रीने तिने ती मानेपाशी कापली होती, आडवीतिडवी, एका बाजूला कानाच्या वर, दुसऱ्या बाजूला खाली. कापलेली वेणी रबरासकट उशीवर ठेवलेली होती.

जिच्या हाताखालून शेकडो बायकांचे केस गेले, ती बाई दारात उभी राहून लेकीच्या डोक्याकडे बघत राहिली. ‘‘हे काय केलंस?’’

‘‘आता तुला त्रास नको,’’ खारू म्हणाली. ‘‘तू मला बाबांना देऊन टाकलंस ना.’’

दोन दिवसांत तातडीची बैठक बसली. या वेळी परत म्हणायच्या नियमाचं कुणी नावही काढलं नाही.

‘‘कुणाला विचारून सांगितलंस?’’ बायको म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. ‘‘मी हो म्हणाले, हे कुणाला विचारून सांगितलंस?’’

‘‘तू म्हणालीस ना! या खुर्चीत बसून. शब्दन् शब्द.’’

‘‘अरे, मी तुझं वाक्य म्हणून दाखवलं! नियम होता तो! मी दिवसभर हेच करते. बाई म्हणते, नवऱ्याला विष घालीन, मी म्हणते, बाई गं, विष घालीन. म्हणून मी घातलं का विष?’’

‘‘आमच्यात पटल्याशिवाय परत म्हणत नाहीत.’’

‘‘तुमच्यात म्हणजे कुणाच्यात? मी काय दोराला लटकलेय?’’

समुपदेशक बाई म्हणाल्या, ‘‘मिस्त्री, पहिल्याच दिवशी मी सांगितलं होतं. परत म्हणणं म्हणजे होकार नाही. तुम्ही मानही हलवली होती.’’

मिस्त्रीने आठवून बघितलं. त्याला टेबल आठवलं, कुंडी आठवली. बाईंचे हलणारे ओठ आठवले. त्यांच्यावर आवाज होता तो लिफ्टचा.

बायकोने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. इतक्या वर्षांत एवढं तरी तिला कळायला लागलं होतं. ती हसली. ते हसणं ऐकवत नव्हतं. ‘‘लिफ्ट ऐकत होतास,’’ ती म्हणाली. ‘‘हो ना? सांग ना यांना. लेकीचा निवाडा चालला होता आणि हा माणूस लिफ्ट ऐकत होता.’’

मिस्त्रीला नाही म्हणता आलं नाही.

बायकोच्या वकीलबाई म्हणाल्या, मुलीला खरं काय ते सांगायला हवं आणि ते मिस्त्रींनीच सांगायला हवं. आईने सांगितलं तर ती सारवासारव वाटेल. मिस्त्री बघतो म्हणाला. त्याने सांगितलं नाही.

याचं कारण बहीण होती, असं पुढे घरातले म्हणत. बहीण बोलली हे खरं. ‘‘पोरगी आपल्या पायानं तुझ्या बाजूला आलीय, येड्या! आता जा कोर्टात. न्यायाधीश विचारतील, बाळ कुणाकडे राहायचं? ती काय म्हणेल?’’ मिस्त्रीने ते आपल्या वकिलांनाही विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

‘‘गेलात तर मी तुमच्यासोबत नसेन, हे तुम्हाला माहीत आहे. पण जिंकाल का विचारत असाल, तर बहुतेक जिंकाल. मुलगी आज तुमचंच नाव घेईल.’’ चष्मा परत घातला. ‘‘का घेईल, तेही तुम्हाला माहीत आहे.’’

पण खरं कारण बहीण नव्हती, वकीलही नव्हते. त्या दिवसांत खारू मिस्त्रीला बिलगून असायची. जेवताना त्याच्या ताटातलं खायची. फोन वाजला आणि तो उठला की दारापर्यंत यायची. एवढी वर्षं आईलेकींच्या पाठमोऱ्या कुजबुजीकडे तो बाहेरून बघत होता. आता तो आत होता. दार आतून लावलेलं होतं. आपणहोऊन ते उघडायला त्याचा हात धजत नव्हता.

मग एका संध्याकाळी खारूची आई सलूनमधून लवकर घरी येऊन तिला दुकानात न्यायला निघाली, बूट घ्यायचे होते. मिस्त्री दोघींना सोडायला जिन्यापाशी आला. लिफ्ट आली. आई आत गेली आणि दार धरून उभी राहिली. खारू बाहेरच थांबली. एका बाजूला कानाच्या वर गेलेले केस, नजर जमिनीवर.

‘‘चल ना,’’ आई म्हणाली.

‘‘तू जा,’’ खारू म्हणाली. ‘‘मी पुढच्या लिफ्टनं येते.’’

आईने दार सोडलं. पेटी अर्धी रिकामी खाली गेली.

मिस्त्रीने ते वाक्य ओळखलं. कोर्टात पाऊल न टाकता त्याने कोर्ट घरी आणलं होतं. तो जिना धावत उतरला, खाली उभ्या असलेल्या बायकोला म्हणाला, ‘‘वर चल. आत्ता सांगतो.’’ आणि तिघं घरात बसल्यावर त्याने सांगितलं.

‘‘आई हो म्हणाली नव्हती. तिनं फक्त माझं वाक्य परत म्हटलं. मला ते हो वाटलं.’’

खारूने आधी आईकडे बघितलं, मग बापाकडे. ‘‘म्हणजे तू खोटं बोललास?’’

‘‘नाही. चुकलो.’’

‘‘कधी कळलं तुला, चुकलास ते?’’

 ‘‘झाले बरेच दिवस.’’

‘‘आणि तू सांगितलं नाहीस.’’

‘‘नाही.’’

 आईने तिच्या केसांकडे हात नेला आणि मधेच मागे घेतला. ‘‘मग मला कसं कळणार,’’ खारू म्हणाली, ‘‘तुमच्यातलं कोण कधी हो म्हणतंय ते?’’

दोघांपैकी कुणीही ते वाक्य परत म्हटलं नाही.

त्यानंतर फारसं भांडण झालं नाही. भांडायला अंगात जोर लागतो. समुपदेशक बाई खारूशी एकटीशी बोलल्या आणि बाहेर येऊन जे सांगितलं ते मिस्त्रीने मुकाट्याने मान्य केलं. शाळेचे दिवस आईकडे, शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत बापाकडे. आईने सलूनच्याच इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. घरातली खारूची खोली तशीच राहिली, आठवड्यातले बरेच दिवस रिकामी. बहीण म्हणाली, ‘‘हातातली पोर घालवलीस.’’ मिस्त्री म्हणाला, ‘‘हो.’’

शेवटच्या कागदांवर सह्या झाल्या, त्या दिवशी कुणी रडलं नाही, कुणी टेबल आपटलं नाही. दोन्ही वकिलांनी हात मिळवले. चांगलं पार पडलं, असं सगळे म्हणाले, आणि तशी तुलना करायची तर ते चांगलंच पार पडलं होतं. खाली जायला मिस्त्री आणि ती एकाच लिफ्टमध्ये चढली. तिसऱ्या मजल्यापाशी पेटी कण्हली. मिस्त्री समोरच्या दाराकडे बघत राहिला, मान त्याने वर केली नाही.

‘‘घासतोय ना?’’ ती म्हणाली.

‘‘हं.’’

‘‘आज मलाही ऐकू आला.’’

तळमजला आला. तिने दार उघडलं, त्याला आधी बाहेर जाऊ दिलं.

आता दर रविवारी संध्याकाळी मिस्त्री खारूला सलूनच्या इमारतीत सोडतो. वर जात नाही, लिफ्टपाशीच निरोप घेतो. या लिफ्टचं काम त्याच्याकडेच आहे. महिन्याचं तेलपाणी तो इथे आठवड्याला करतो, जोडीदार त्यावरून त्याची टिंगल करतो. ‘‘मिस्त्री, तिला आता न्हाऊमाखू घालून पावडर तेवढी लावायची राहिलीय!’’ मिस्त्री ऐकून घेतो. रूळ घासत नाही, दार अडत नाही, पेटी बिनआवाजाची वर जाते.

खारूचे केस वाढलेत, पण दोन्ही बाजू अजून सारख्या झालेल्या नाहीत. हल्ली ती कशावर चढत नाही. आणि तिला एक नवी सवय लागली आहे. ती आईची की बापाची, हे सांगता येत नाही. गेल्या रविवारी ती लिफ्टमध्ये शिरली, पाठीवरचं दप्तर सावरलं आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली.

‘‘शुक्रवारी येतो,’’ मिस्त्री म्हणाला. ‘‘शाळेच्या फाटकापाशी थांब. फोन आला तरी उचलणार नाही.’’

खारूने त्याच्या डोळ्यांत बघितलं. ‘‘शुक्रवारी येतो,’’ ती म्हणाली. ‘‘शाळेच्या फाटकापाशी थांब. फोन आला तरी उचलणार नाही.’’ जसंच्या तसं, एक शब्द इकडेतिकडे नाही.

दार बंद झालं. मिस्त्री तिथेच उभा राहिला. वर जाणाऱ्या पेटीचा आवाज त्याला ऐकू आला नाही. त्यानेच तो घालवला होता. एकच गोष्ट त्याला अजून तिला विचारायची आहे, पण दर रविवारी दार बंद होईपर्यंत त्याची जीभ उचलत नाही: पोरी, ते वाक्य तू माझ्यासारखं परत म्हणतेस, की आईसारखं?